हापसा बसवणारे आणि हापसा चालवणारे

जालना आज बियाण्यांसाठी आणि पोलादासाठी ओळखले जाते. पण ग्रामीण पाणीपुरवठ्याचा इतिहास लिहिणाऱ्यांना हे गाव एका हापशामुळे माहीत आहे. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात दुष्काळाच्या झळा वाढल्या, तशी कातळ फोडून बोअर घेणारी यंत्रे देशात आली आणि गावोगाव हातपंप बसू लागले. हे पंप ओतीव लोखंडाचे होते. युरोप-अमेरिकेतल्या एखाद्या शेतकरी कुटुंबाच्या परसातल्या पंपाची ती नक्कल होती. तिकडे एका घराला पुरणारे यंत्र इकडे पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्ख्या वस्तीला पुरवायचे होते. ते टिकणे शक्यच नव्हते. १९७०च्या दशकाच्या मध्यावर युनिसेफने पाहणी केली, तेव्हा बसवलेल्यांपैकी बहुसंख्य पंप बंद आढळले. यातून वाट काढली ती मराठी मुलखातल्या कामाने. जालन्यातल्या ख्रिस्ती मिशनच्या लोकांनी पोलादी, दणकट पंप तयार केला, सोलापुरात त्यात सुधारणा झाली आणि पुढे भारत सरकार व युनिसेफ यांच्या प्रयत्नांतून ‘इंडिया मार्क टू’ आकाराला आला. आज असे लाखो हापसे भारतात आणि आफ्रिकेतल्या कित्येक देशांत उभे आहेत.

तरीही गोष्ट इथे संपत नाही. मार्क टू हापशाचा वरखाली होणारा दांडा आपल्याला दिसतो; पाणी उचलणारा सिलिंडर मात्र जमिनीखाली खोलवर, पाण्यात बुडालेला असतो. त्यात वायसर असते. वापराने ते झिजतेच, आणि झिजले की दांडा कितीही हापसा, पाणी वर येत नाही. वायसर किमतीने अगदी किरकोळ. पण ते बदलायचे तर तीन-तीन मीटरचे लोखंडी पाइप आणि त्यांच्या आतले गज एकेक करून वर ओढून काढावे लागतात. त्यासाठी खास पाने, शिकंजे, तीन-चार माणसे आणि बहुतेकदा पंचायत समितीच्या हातपंप दुरुस्ती पथकाची गाडी लागते. ते पथक आठवड्यात आले तर हापसा चालू. तीन महिन्यांनी आले तर तितके दिवस बायका पुन्हा ओढ्यावर किंवा उघड्या विहिरीवर. जगातला सर्वांत टिकाऊ म्हणून गाजलेला हातपंपसुद्धा शेवटी एका छोट्या चकतीवर आणि ती बदलायला येणाऱ्या माणसावर उभा आहे. मार्क थ्रीमध्ये पाइप न काढता वायसर बदलता यावे अशी सोय पुढे करण्यात आली, ती याच अनुभवातून.

पाणी आणि स्वच्छतेसाठी पैसे देऊ इच्छिणाऱ्याने हे एवढे नीट ध्यानात घेतले, तरी संस्था निवडण्याचे निम्मे काम झाले असे मला वाटते. कारण आपल्यापुढे येणारी आवाहने जवळजवळ नेहमी बांधकामाची असतात. इतक्या रुपयांत एक बोअर, इतक्यात एक संडास, इतक्यात एका शाळेला फिल्टर. देणाऱ्यालाही ते आवडते. आपल्या पैशांचे काय झाले ते डोळ्यांना दिसते, फोटो येतो, कोनशिलेवर नाव लागते. पण शुद्ध पाणी ही एकदा बांधून संपणारी वस्तू नव्हे. ते रोज मिळावे लागते, आणि रोज मिळायचे तर रोज कुणीतरी काहीतरी करावे लागते. म्हणून माझे म्हणणे असे, की संस्थेने किती बसवले हे विचारण्यापेक्षा पाच-सात वर्षांपूर्वी बसवलेल्यांपैकी आज किती चालते हे विचारावे. आणि त्याचे उत्तर जी संस्था आकड्यांनिशी देऊ शकते, मग ते उत्तर फारसे भूषणावह नसले तरी, तिला पैसे द्यावेत.

हा प्रश्न नुसता तात्त्विक नाही. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतल्या वीसेक देशांची आकडेवारी २००९ साली एकत्र केली गेली, तेव्हा सुमारे ३६ टक्के हातपंप बंद असल्याचे दिसले. म्हणजे ज्या तीन हापशांसाठी कुणीतरी श्रद्धेने पैसे दिले, त्यातला एक कोरडा. त्याच सुमारास ‘प्लेपंप’ची कहाणी गाजत होती. दक्षिण आफ्रिकेत निघालेली ही कल्पना ऐकताक्षणी मन जिंकणारी होती: मुलांनी गोल फिरणाऱ्या चक्रावर खेळायचे, चक्राने पंप चालायचा, पाणी उंच टाकीत चढायचे. २००६ मध्ये अमेरिकेत तिच्यासाठी १ कोटी ६४ लाख डॉलरची घोषणा झाली आणि २०१०पर्यंत चार हजार पंप बसवण्याचे ठरले. एका पंपाचा खर्च सुमारे १४ हजार डॉलर, साध्या हातपंपाच्या कितीतरी पट. पण ठरवलेल्या अडीच हजार माणसांना पाणी द्यायचे, तर मुलांना दिवसाला २७ तास खेळावे लागेल, असा हिशेब २००९ साली ब्रिटनच्या ‘गार्डियन’ने मांडला. मुले शाळेत किंवा शेतावर गेली, की ते जड चक्र ढकलायचे बायकांनी. काही ठिकाणी चालू हातपंप काढून त्या जागी हे बसवले होते, आणि बिघडल्यावर दुरुस्तीला कुणी येईना. ही कल्पना काढणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे कुणी म्हणत नाही. पण पैसे देणारा आणि पाणी भरणारी बाई यांच्यात हजारो मैलांचे अंतर असते, तेव्हा देणाऱ्याला जे सुंदर वाटते तेच बसवले जाते. पाणी भरणारीला कुणी विचारत नाही.

पंप चालू असला म्हणजे तरी पाणी शुद्ध, हेही गृहीत धरता येत नाही. बांगलादेशाने याची फार मोठी किंमत मोजली. तळ्यातले गढूळ पाणी पिऊन मुले जुलाबाने मरत होती, म्हणून १९७०च्या दशकापासून तिथे कूपनलिकांची मोहीम झाली. हेतू योग्य होता, जंतूंच्या दृष्टीने पाणीही चांगले होते. पण त्या थरांतल्या पाण्यात आर्सेनिक होते आणि ते कुणी तपासले नव्हते. १९९३ मध्ये ते उघड झाले. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात त्याचे वर्णन इतिहासातली सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा असे केले गेले. धोक्यात असलेल्यांचा अंदाज साडेतीन कोटी ते ७ कोटी ७० लाख असा होता. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत फ्लोराइडचा प्रश्न आहे. तिथल्या गावात दात पिवळे-तपकिरी पडलेली मुले आणि वाकलेल्या हाडांची म्हातारी माणसे दिसतात, आणि ते पाणी दिसायला नितळ असते. म्हणून बोअर घेऊन देणाऱ्या संस्थेला प्रयोगशाळेचा अहवाल मागणे म्हणजे तिच्यावर अविश्वास दाखवणे नव्हे. पाणी लागले तेव्हा तपासले का, त्यानंतर दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर तपासले का, आणि पाणी नापास झाले तेव्हा काय केले, हे तिला सांगता आले पाहिजे.

आता पुराव्याकडे येऊ. पाणी-स्वच्छतेच्या क्षेत्रात सर्वांत भक्कम पुरावा ज्या कामाचा आहे, ते काम दिसायला सर्वांत सामान्य आहे: पाण्यात क्लोरीन घालणे. केनियात अर्थतज्ज्ञ मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी नैसर्गिक झऱ्यांना काँक्रीटचे संरक्षण दिल्याचा परिणाम मोजला. झऱ्याच्या तोंडाशी जंतूंचे प्रमाण दोन तृतीयांशाने घटले, पण घरातल्या भांड्यात जेमतेम पाव हिश्शाने. पाणी वाहून नेताना, हंड्यात साठवताना, हात बुडवून पेला भरताना ते पुन्हा दूषित होत होते. लोकांनी क्लोरीन विकत घेऊन घरी वापरावे म्हटले, तर फार थोड्या घरांनी घेतले. मग पाण्याच्या ठिकाणीच क्लोरीनची छोटी टाकी बसवली. तोटी एकदा फिरवली की वीस लिटरच्या कॅनला पुरेल एवढी तीन मिलिलिटरची मात्रा पडते, कॅन भरता भरता ढवळली जाते, आणि घरी पोहोचेपर्यंत पाणी पिण्याजोगे होते. फुकट, समोर आणि सगळ्यांच्या देखत. त्यामुळे निम्म्याहून अधिक घरे ते वापरू लागली. क्रेमर आणि इतरांनी पुढे वेगवेगळ्या देशांतले असे प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा पाणी शुद्ध केल्याने पाच वर्षांखालील मुलांचे मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने घटतात असे निष्पन्न झाले. देणग्यांचा परिणाम मोजणाऱ्या ‘गिव्हवेल’ या अमेरिकी संस्थेने आपल्या हिशेबात हा परिणाम बराच कमी धरला, आणि तरीही २०२२ मध्ये या टाक्या चालवणाऱ्या ‘एव्हिडन्स अ‍ॅक्शन’ला ६ कोटी ४७ लाख डॉलरपर्यंत मदत देऊ केली. आकडा खाली धरूनही काम मोलाचे ठरते, हा मला त्या निर्णयातला सर्वांत विश्वासार्ह भाग वाटतो.

महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींना हे काम नवे नाही. क्लोरीन देणारी टीसीएल पावडर, ती रोज टाकीत घालणारा जलसुरक्षक, नळाच्या पाण्यात क्लोरीन पोचले की नाही हे पाहणारी ओटी चाचणी, आणि पाणीस्रोतांच्या पाहणीनंतर पंचायतीला मिळणारे लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड, ही सगळी व्यवस्था आपल्याकडे कागदावर आहे आणि अनेक गावांत ती प्रत्यक्षातही चालते. जिथे चालत नाही, तिथली कारणे साधी असतात. पावडर वेळेवर येत नाही, आली तर उघड्या पोत्यात राहून तिच्यातले क्लोरीन उडून गेलेले असते, जलसुरक्षकाचे मानधन थकलेले असते, किंवा वास येतो म्हणून लोकच तक्रार करतात. या बारीकसारीक अडचणी निस्तरणारी, पंचायतीबरोबर बसून रजिस्टर तपासणारी संस्था फोटोत फारशी उठून दिसत नाही. पण एका नव्या टाकीपेक्षा तिच्या हातून अधिक मुलांचे जीव वाचत असण्याची शक्यता मोठी आहे. आणखी एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी. आपल्याकडे पाण्याचे काम म्हटले की बंधारे, नालाखोलीकरण, पाणलोट हे आधी आठवते, आणि दुष्काळी मुलखात ते स्वाभाविकच आहे. ते मोलाचे काम आहे. पण पाणी अडवणे आणि प्यायचे पाणी शुद्ध असणे ही दोन वेगळी कामे आहेत. तुडुंब भरलेली विहीरही जुलाबाला कारण होऊ शकते. आपण कशासाठी पैसे देत आहोत हे देणाऱ्याने आधी मनाशी ठरवावे.

शौचालयांच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. ओडिशातल्या पुरी जिल्ह्यात शंभर गावांत झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आले. संपूर्ण स्वच्छता अभियानातून निवडलेल्या गावांत संडास असलेल्या घरांचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेले. तरीही मुलांच्या जुलाबात, जंतांत किंवा वाढीत मोजता येईल असा फरक पडला नाही. त्याच वर्षीच्या उत्तर भारतातल्या एका मोठ्या पाहणीत, घरात चालू संडास असूनही चाळीस टक्क्यांहून अधिक घरांत निदान एक माणूस उघड्यावर जात असल्याचे दिसले. आणि त्याच ओडिशात ‘ग्राम विकास’ या संस्थेचे काम पाहा. १९७९ पासून काम करणाऱ्या या संस्थेची अट कडक आहे: गावातले एकही घर सुटता कामा नये. प्रत्येक घराने सरासरी हजार रुपये गावाच्या कायम निधीत घालायचे, आपला संडास आणि न्हाणीघर बांधायचे. सगळी घरे तयार झाली की मगच टाकीतून पाणी सोडायचे, आणि तेही घरटी तीन नळांनी: संडासात एक, न्हाणीत एक, स्वयंपाकघरात एक. म्हणजे सवर्ण आळीत नळ आला आणि दलित वस्ती मागे राहिली, असे होऊच शकत नाही. अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी या कामाचा अभ्यास करून २०१५ मध्ये लिहिले, की जुलाबावर उपचार घ्यावे लागण्याचे प्रमाण ३० ते ५० टक्क्यांनी घटले आणि हा परिणाम पुढे वर्षानुवर्षे टिकला. दोन अभ्यासांची पद्धत वेगळी आहे, त्यामुळे त्यांची बरोबरी थेट करता येत नाही. पण पाणी घरात आले, सगळे गाव सामील झाले आणि दुरुस्तीचा पैसा गावाच्याच खात्यात राहिला, हे तीन फरक नजरेआड करता येणार नाहीत.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो मला पूर्ण पटतो. संडासाची किंमत जुलाबाच्या आकड्यांत का मोजायची? अंधार पडायची वाट पाहत दिवसभर पोट आवळून बसणारी बाई, पाळी आल्यावर शाळा सोडणारी मुलगी, झोपडपट्टीत मध्यरात्री सार्वजनिक संडासापर्यंत जायला भिणारी म्हातारी, यांच्यासाठी घरातला संडास म्हणजे सुरक्षितता आणि आब आहे. ते आजाराच्या तक्त्यात दिसले नाही म्हणून खोटे ठरत नाही. पण याच कारणाने तो संडास वापरता आला पाहिजे. पाण्याविना पडून असलेल्या, सरपण साठवायला वापरल्या जाणाऱ्या संडासाने ना आरोग्य मिळते ना आब. पुण्यातली ‘शेल्टर असोसिएट्स’ वस्त्यांमध्ये घर तिथे संडास हे काम करते. ती आधी प्रत्येक वस्तीचा घरानिहाय नकाशा काढते, मलवाहिनी कुठवर आली आहे ते पाहते, सामान घरापर्यंत पोहोचवते, आणि बांधकामाची मजुरी कुटुंब स्वतः उचलते. ज्या घराने खर्चात वाटा घातला ते घर तो संडास अडगळीची खोली होऊ देत नाही. कुटुंबाचा वाटा हा गरिबावर लादलेला भार आहे, असे काहींना वाटते. अगदीच परवडत नसलेल्या घराला सूट हवी, हे खरे. पण सरसकट फुकट बांधून दिलेल्या संडासांचा वापर किती झाला, हे आपण चांगले पाहिलेले आहे.

संडासाबद्दल आणखी एक प्रश्न विचारायला हवा, आणि तो जवळपास कुणीच विचारत नाही: खड्डा भरल्यावर तो कोण उपसणार? दोन शोषखड्ड्यांचा संडास असेल तर एक भरला की दुसरा चालू करायचा. पहिल्यातला मैला वर्ष-दीड वर्षात खत होतो आणि त्याला हात लावायला कुणाचा जीव धोक्यात येत नाही. ही रचना स्वस्त आहे आणि चांगली आहे. पण मराठवाडा-विदर्भाच्या काळ्या मातीत पाणी जिरत नाही, पावसाळ्यात खड्डे तुंबतात, मग लोक बंदिस्त सेप्टिक टँक बांधतात. तो कधीतरी भरतोच. टँकरने यंत्राने उपसण्याची सोय नसेल तर माणूस आत उतरवला जातो, आणि तो माणूस कुठल्या जातीचा असतो हे सांगायची गरज नाही. हाताने मैला साफ करवून घेण्यावर २०१३च्या कायद्याने बंदी आहे; गटारात मृत्यू झाल्यास कुटुंबाला ३० लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले आहे. तरीही मृत्यू थांबलेले नाहीत. म्हणून स्वच्छतेसाठी पैसे देताना सफाई कर्मचारी आंदोलनासारख्या, या माणसांच्या सुटकेसाठी झगडणाऱ्या कामाला स्वच्छतेपासून वेगळे मानू नये. हजार संडास बांधून देणारी आणि ते उपसण्याची व्यवस्था गृहीत धरणारी संस्था अर्धेच काम करते, आणि उरलेले अर्धे सर्वांत दुबळ्याच्या माथी मारते.

आता सर्वांत जास्त ऐकू येणारा निकष घेऊ: संस्था व्यवस्थापनावर किती खर्च करते? शंभर रुपयांतले पंचाण्णव थेट गावात जातात असे सांगणारी संस्था प्रामाणिक, आणि सत्तर जातात असे सांगणारी संशयास्पद, असे आपण सहज मानतो. फसवणुकीची भीती खोटी नाही, त्यामुळे या निकषामागची काळजी समजण्यासारखी आहे. पण पाण्याच्या कामाला तो चुकीचा आहे. दर तिमाहीला पाणी तपासायला जाणारी मुलगी, दुरुस्तीची मोटारसायकल, प्रयोगशाळेचे बिल, पाच वर्षांनी परत गावात जाऊन केलेली पाहणी, हे सगळे ताळेबंदात प्रशासकीय खर्च म्हणून दिसू शकते, आणि पाणी मात्र त्याच्याच जोरावर चालू राहते. धर्मादाय संस्थांना गुण देणाऱ्या तीन मोठ्या अमेरिकी संघटनांनीच २०१३ मध्ये देणगीदारांना उद्देशून जाहीर पत्र काढून सांगितले, की केवळ या टक्केवारीवर संस्थेची पारख करू नका. ‘चॅरिटी: वॉटर’सारखी संस्था सगळे सार्वजनिक पैसे कामावर खर्च करते असे सांगते, ते खरे आहे; पण तिचा कार्यालयीन खर्च काही वेगळे देणगीदार उचलतात, म्हणून. तो खर्च नाहीसा झालेला नसतो. भारतात परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२०च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आणली आणि परदेशातून आलेले पैसे दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी घातली. यामुळे तपासणी आणि पाठपुराव्यासाठी देशातूनच येणारा, अटी न घातलेला पैसा अधिक मोलाचा झाला आहे.

हे काम सरकारचे नाही का, हा दुसरा आक्षेप. आहे, निःसंशय. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशन जाहीर झाले तेव्हा देशातल्या सुमारे सव्वातीन कोटी ग्रामीण घरांत नळ होता. आता तो पंधरा कोटींहून अधिक घरांत पोहोचल्याचे सरकार सांगते. स्वच्छ भारत अभियानात दहा कोटींहून अधिक संडास बांधले गेले. एवढे बांधकाम कुठलीही संस्था करू शकणार नाही, आणि करायचा प्रयत्नही करू नये. पण नळ जोडला गेला म्हणजे त्यातून रोज, पुरेसे आणि शुद्ध पाणी येते असे नाही. पाणीपट्टी गोळा होते का, पंपाचे वीजबिल भरले जाते का, बोअर उन्हाळ्यात आटतो तेव्हा काय, याची उत्तरे ग्रामपंचायतीच्या पातळीवर ठरतात, आणि तिथे संस्थेची खरी गरज आहे. त्यामुळे सरकारला बगल देऊन स्वतःची वेगळी टाकी उभारणाऱ्या संस्थेपेक्षा पंचायतीच्या पाणी समितीला हिशेब, चाचणी आणि दुरुस्ती शिकवणारी, आणि जिथे यंत्रणा हलत नाही तिथे माहिती अधिकारात कागद मागणारी संस्था मला अधिक उपयोगाची वाटते. केनियात ‘फंडीफिक्स’ने अशा सेवेचा एक नमुना घालून दिला. गावे ठरावीक वर्गणी भरतात, आणि हापसा बिघडला की तो तीन दिवसांच्या आत दुरुस्त करण्याची जबाबदारी संस्थेची असते. त्याआधी त्या भागात दुरुस्तीला जवळजवळ महिना लागत असे.

मग लहान संस्थांचे काय? एखाद्या तालुक्यात वीस वर्षे निष्ठेने काम करणाऱ्या चार-पाच माणसांच्या संस्थेकडे मोठे वैज्ञानिक अभ्यास करायला पैसे कुठून येणार? पुरावा मागितला की अशा संस्था मागे पडतात आणि चकचकीत अहवाल छापणाऱ्या पुढे जातात, ही भीती खरी आहे. त्यावर माझे उत्तर असे, की लहान संस्थेकडे जगभरचा पुरावा मागू नये, तिच्या स्वतःच्या गावांची यादी मागावी. किती ठिकाणी काम केले, त्यातली किती आज चालू, किती बंद, बंद का. हे वहीत पेनाने लिहिलेले असले तरी पुरेसे आहे. क्लोरीनने मुले वाचतात हे आता तिने नव्याने सिद्ध करायची गरज नाही; तिच्या गावात क्लोरीन रोज पडते का, एवढे तिने दाखवावे. शिवाय पुरावाही सगळीकडे सारखा बोलत नाही. पाणी, हात धुणे आणि संडास यांवरचे मोठे प्रयोग बांगलादेशात आणि केनियात जवळपास एकाच आराखड्याने झाले. बांगलादेशात जुलाब स्पष्टपणे कमी झाले, केनियात झाले नाहीत. बांगलादेशात कार्यकर्त्या महिन्यातून अनेकदा घरी जात, केनियात महिन्यातून साधारण एकदा. कारण तेवढेच असेल असे नाही, पण गावात नित्य राबता असलेल्या लहान संस्थेच्या बाजूने बोलणारा हा पुरावा आहे.

कागदपत्रांची बाजू थोडक्यात. महाराष्ट्रातला नोंदणीकृत सार्वजनिक न्यास १९५०च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या कक्षेत येतो आणि त्याला दरवर्षी लेखापरीक्षित हिशेब सादर करावे लागतात; ते दाखवायला टाळाटाळ होत असेल तर तिथेच थांबावे. नीती आयोगाच्या ‘दर्पण’ संकेतस्थळावरची नोंद पाहावी. देणगीवरची करसवलत जुन्या करप्रणालीतच मिळते, दोन हजारांवरची रोख देणगी तीत बसत नाही, आणि सवलतीसाठी संस्थेकडून देणगीचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांनी एक भेद लक्षात ठेवावा: भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवले तर ते परदेशी देणगी ठरत नाहीत; पण दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले असेल, मग ओसीआय कार्ड असले तरी, संस्थेकडे परदेशी देणगी घेण्याची नोंदणी हवीच. पण हे सगळे कागद चोख असूनही हापसा बंद असू शकतो, हेही विसरू नये.

शेवटी, आपल्या गावासाठी काही करायचे म्हणून वडिलांच्या स्मरणार्थ आरओ प्लांट बसवून देणारे कितीतरी लोक महाराष्ट्रात आहेत. भावना मोठी आहे. पण आरओचा पडदा ठरावीक काळाने बदलावा लागतो, वीज लागते, आणि शुद्ध पाण्याबरोबर बरेच पाणी खारट होऊन बाहेर पडते. ते कुठे सोडायचे हे दुष्काळी गावात आधी ठरवावे लागते. फ्लोराइड किंवा क्षार जास्त असतील तर आरओला पर्याय कमी आहेत. नुसते जंतू असतील तर त्याच पैशांत पंचायतीची टाकी आणि क्लोरीन देणारे यंत्र नीट चालू ठेवता येते. म्हणून आधी पाणी तपासून घ्यावे. मग जी रक्कम द्यायची ती एकदम न देता निम्मी उभारणीला द्यावी आणि निम्मी पाच वर्षांत विभागून, पडदे, पावडर, चाचण्या आणि ते सांभाळणाऱ्याचे मानधन यांसाठी, गावाच्या पाणी समितीच्या आणि स्थानिक संस्थेच्या संयुक्त हिशेबाने द्यावी. दर वर्षीचा हप्ता सोडण्याआधी त्या वर्षीचे चाचणी अहवाल आणि बंद राहिलेल्या दिवसांची नोंद मागावी. संस्थेला हे आधी सांगितले, तर तिच्या अंदाजपत्रकात देखभालीची ओळ पहिल्याच दिवशी येते.